अंगावर नीट बसणारा सूट, बेताच्या पैशांत

आपल्याकडे सूट हा रोजचा पोशाख नाही. लग्नाचा स्वागतसमारंभ, नोकरीची मुलाखत, फार तर मुलाच्या पदवीदानाचा दिवस एवढ्यापुरताच तो कपाटाबाहेर येतो, आणि म्हणूनच तो घेताना बहुतेकांचे सगळे पैसे कापडाच्या नावावर आणि पेटीच्या दिमाखावर जातात. प्रत्यक्षात कापड मीटरला किती रुपयांचे होते हे समोरच्याला चार हातांवरून कळत नाही. खांद्यावरून ओघळलेला कोट मात्र सभागृहाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. म्हणून हाताशी आठ हजार रुपये असतील तर सात हजारांचाच सूट पाहावा आणि उरलेले हजार रुपये शिंप्यासाठी बाजूला ठेवावेत.

तयार सूट घेणार असाल तर शिंप्याला काय दुरुस्त करता येते आणि काय येत नाही, हे दुकानात शिरण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. पॅन्टची उंची आणि कंबर, बाहीची लांबी आणि कोटाच्या बाजूच्या शिवणी ही कामे जाणता शिंपी एक-दोन दिवसांत करून देतो. खांद्याचे तसे नाही. तो लहान करायचा झाला तर बाही उसवून, आतले पॅड काढून मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, नव्याने कापावा लागतो. त्याची मजुरी स्वस्त कोटाच्या मानाने परवडत नाही आणि एवढे करूनही बाही पूर्वीसारखी पडेल याची खात्री नसते. कोटाची उंची कमी केली तर खिसे खालच्या काठाच्या अगदी जवळ येतात आणि एकूण ठेवण बिघडते. तेव्हा खांदा, छाती आणि उंची या तिन्ही गोष्टी दुकानातच जमल्या पाहिजेत. त्यांपैकी एक जरी जमत नसेल, तरी सवलत कितीही मोठी असली तरी तो कोट परत ठेवावा.

खांदा तपासण्याची सोपी रीत अशी: भिंतीला खेटून कुशीने उभे राहावे. दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला टेकले, तर कोट मोठा आहे. उलट, बाहीच्या वरच्या भागात खळगा पडत असेल किंवा दंडाचा फुगवटा खांद्याच्या शिवणीबाहेर डोकावत असेल, तर तो लहान आहे. त्यानंतर दोन बटणांच्या कोटाचे फक्त वरचे बटण लावावे, कारण खालचे उघडेच ठेवायचे असते. बटणाभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर पोटाशी कोट तंग आहे. हा तंगपणा थोडा असेल तर बाजूची शिवण सोडून भागते. मान सरळ ठेवून आरशात पाठ पाहावी आणि कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून राहते ना, हे पाहावे. तिथे फट दिसत असेल तर तो दोष काढणे कठीण. कोट साधारण नितंब झाकेल इतका लांब असावा आणि बाहीखालून शर्टाचा कफ सुमारे अर्धा इंच दिसावा. ही सगळी परीक्षा टी-शर्ट आणि चपला घालून करण्यात अर्थ नाही. प्रसंगाला घालणार तोच शर्ट आणि तेच बूट सोबत न्यावेत. शेवटी कोट घालून खुर्चीत बसून पाहावे. आरशासमोर उभे राहून सगळेच सूट बरे दिसतात.

कोटावरचा ४० हा आकडा छातीचा असतो आणि जोडीने मिळणाऱ्या पॅन्टची कंबर बहुधा त्याहून सहा इंचांनी कमी धरलेली असते. चाळिशीनंतरच्या सर्वसाधारण पुरुषाचे शरीर हे गणित पाळत नाही. पोट मावत नाही म्हणून दुकानदार एक नंबर मोठा कोट चढवतो, पोट मावते आणि खांदे लोंबू लागतात. अशा वेळी कोट आणि पॅन्ट वेगवेगळ्या मापांत देणारे दुकान शोधावे. ते मिळत नसेल, किंवा खांदे उतरते वा खाली-वर असतील, तर सरळ शिवून घ्यावे.

शिवून घेणे नेहमीच महाग पडते, हा समज खरा नाही. आपल्या घरांत आहेरात आलेले सूटपीस वर्षानुवर्षे कपाटात पडून असतात; त्यांतला एखादा काढून आधी मोजावा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम उंचीच्या माणसाचा कोट आणि पॅन्ट यांना सव्वातीन मीटर सहसा पुरते, धिप्पाड माणसाला थोडे अधिक लागते आणि चौकडी असेल तर रेघा जुळवण्यासाठी आणखी. पेटीत नुसता पॅन्टपीस असेल तर तो सव्वा मीटरच्या आसपास भरेल. नवे कापड घ्यायचे झाल्यास मुंबईतले मंगलदास मार्केट किंवा पुण्यातला लक्ष्मी रस्ता येथे राजस्थानातल्या भिलवाड्याचे पॉलिस्टर-व्हिस्कोज मिश्रण माफक दरात मिळते. मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर सुरकुत्या लगेच सैल पडतात का, आणि उजेडात धरल्यावर ते चकाकते का, एवढे पाहावे. चकाकणारे कापड छायाचित्रांत स्वस्त दिसते. रंग गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी घ्यावा, म्हणजे एकच सूट मुलाखतीला आणि लग्नालाही चालतो. आपल्या हवेत कोटाला पाठीच्या वरच्या भागापुरतेच अस्तर लावायला सांगितले तर उकाडा जरा कमी होतो. कराचाही फरक आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या तयार कपड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तर कापडावर तो ५ टक्केच आहे.

शिंपी निवडताना तो पॅन्ट-शर्ट किती सफाईने शिवतो हे पाहून भागत नाही, कारण कोट हे वेगळे काम आहे. त्याने शिवलेला, गिऱ्हाइकाची वाट पाहत टांगलेला एखादा कोट हातात घेऊन पाहावा. छातीच्या भागात कॅनव्हास, म्हणजे टाक्यांनी बसवलेले आतले जाड कापड, घालणार की नुसते फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारा थर, लावणार, हेही विचारावे. कमी पैशांत फ्युजिंगच मिळणार आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो कोट घरी धुऊ नये आणि त्यावर तापलेली इस्त्री दाबू नये, नाहीतर कापडावर फोड आल्यासारखे फुगे दिसू लागतात. कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल देण्याचे जो कबूल करत नाही, त्याच्याकडे कापड टाकू नये. वेळही महत्त्वाची आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि ट्रायलची तारीख पुढे-पुढे ढकलली जाते. आषाढ-श्रावणात मात्र मास्टरला सवड असते आणि दुकानांत पावसाळी सवलतीही चालू असतात.

सूट ताब्यात घेताना कोटाच्या मागच्या चिरेवर घातलेला फुलीचा टाका आणि बाहीवरची कापडी चिठ्ठी उसवून टाकावी. लग्नांत ती चिठ्ठी मिरवणारे नवरदेव अजूनही दिसतात. पॅन्ट उलटी करून मागच्या शिवणीत निदान दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवली आहे ना, हे पाहावे आणि उरलेले कापड व दोन जादा बटणे मागून घ्यावीत. दोन-तीन वर्षांनी कंबर वाढेल, तेव्हा ही माया सोडून सूट पुन्हा अंगाला आणता येईल.