पॅसिफिका घेताय? आधी अक्षर बघा

यामाहाच्या पॅसिफिका ०१२, ११२जे आणि ११२व्ही या इलेक्ट्रिक गिटारी शेजारी शेजारी टांगल्या, तर लांबून तिघी सख्ख्या बहिणीच वाटतात. मानेवर २२ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), तारांचा आवाज टिपणारे तीन पिकअप: दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे) आणि ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, एक हंबकर (दोन कॉइलचा). तिन्हींत हीच मांडणी. फरक आत आहे. ११२च्या दोन्ही गिटारींची बॉडी आल्डर लाकडाची, ०१२ची नाही. आणि ११२व्हीमध्ये टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते, आवाज पातळ, खणखणीत होतो. ही सोय जे-मध्ये नाही. व्हीचे पिकअपही वेगळे, अल्निको-५ या मिश्रधातूच्या चुंबकांचे.

म्हणून दुकानात रंगावर भाळण्याआधी मॉडेलचा नंबर अक्षरासकट वाचा, अँपला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) जोडून तो नॉब ओढून पाहा. जुनी गिटार घेताना तर हे हवंच. ‘११२ आहे’ एवढंच सांगून जे-ला व्हीची किंमत लावणारे भेटतात. (मुद्दाम लावतात असं नाही, बऱ्याचदा त्यांनाच माहीत नसतं.)

अगदी पहिलीच गिटार असेल आणि हात बसेल की नाही याचीच शंका असेल, तर ०१२ घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा अँप. जे आणि व्हीमध्ये अडलात तर मी व्हीच घेईन.