टोकियोत तीन दिवस: फसलेला बेत कसा सावरला

कागदावर सतरा ठिकाणं होती. सकाळी आसाकुसा, दुपारी शिबुया, संध्याकाळी परत उएनो! पहिल्याच दिवशी शिंजुकू स्टेशनात पाऊण तास भरकटलो. तिथे बाहेर पडायची २०० हून जास्त दारं, आणि मी नेमका उलट्या टोकाला.

रात्री हॉटेलवर यादी फाडली. यामानोते लाइनचा, म्हणजे शहरात गोल फिरणाऱ्या रेल्वेचा, नकाशावरचा हिरवा गोल (३० स्टेशनं, तासाभरात फेरी पूर्ण) समोर ठेवून नव्याने बसलो. एक दिवस पूर्वेचा: उएनो, तिथून गिंझा लाइनने तिसरंच स्टेशन आसाकुसा, सेन्सोजी मंदिर. दुसरा पश्चिमेचा: हाराजुकूला मेजी जिंगू हे शिंतो देवस्थान, मग रमतगमत चालत शिबुया. प्रत्येक नावापुढे दाराचा नंबर लिहिला, खरी मेख तीच होती. सुइका या आधी पैसे भरून ठेवायच्या प्रवास कार्डामुळे तिकिटाची कटकट नव्हतीच. डिस्नीलँड मात्र कापलं. लेक अजून फुगलेली आहे.