माकडताप, लेप्टो आणि आपण: कोकणातून रिसर्चला जायचंय त्यांच्यासाठी

सावंतवाडी-कणकवलीकडची मायक्रो नाहीतर झूलॉजी केलेली पोरं विचारतात की व्हायरसवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. मी गोचीड आणि तापाच्या सॅम्पलवर काम करतो, म्हणून जे बघितलंय ते लिहितो.

परीक्षांचं आधी उरकतो. एम.एस्सी. करा, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, व्हायरॉलॉजीची एम.एस्सी. आहे तीही बघा, आणि सीएसआयआर नेट किंवा आयसीएमआरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, काढा. सीएसआयआर जेआरएफला २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, घरून पैसे मागवावे लागत नाहीत. तोवर प्रोजेक्टवर फील्डची जागा निघाली तर खुशाल घ्या, घरचे म्हणतील कॉन्ट्रॅक्ट आहे, पण तिथे जे हाताला लागतं ते क्लासला बसून मिळत नाही.

आता खरं काम. माकडताप म्हणजे केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज), हा व्हायरसचा ताप, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि आपल्याकडे २०१६ पासून दोडामार्गात, मग बांद्याच्या बाजूला पेशंट मिळायला लागले. माकडं मरतात म्हणून लोक माकडाला दोष देतात पण माणसाला देते ती गोचीड, आणि ती बसलेली असते पातेऱ्यात (खाली पडलेल्या सुक्या पानांत), म्हणजे काजूच्या सीझनला बागेत वाकून बिया गोळा करणारी बाई सगळ्यात आधी सापडते. गोचीड गोळा करायला आपण पांढरं फ्लॅनेलचं कापड पातेऱ्यावरून ओढत नेतो, त्याला चिकटून येतात त्या उचलायच्या. कंटाळवाणं वाटेल पण कुठली जात, कुठल्या बागेत, कुठल्या महिन्यात हे इथूनच कळतं. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग नीट तपासा, यात आळस नको.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, उलट, तो पावसातला. उंदराच्या मुतातून जिवाणू शेताच्या पाण्यात येतो आणि लावणीला उतरलेल्या माणसाच्या पायाच्या जखमेतून आत जातो. सुरुवातीला रक्तात पीसीआरने (जिवाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट) सापडतो, आठवडा उलटला की अँटिबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं, बघायच्या, म्हणून ताप आला तो दिवस फॉर्मवर नसेल तर रिझल्ट निगेटिव्ह आला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही. आता हा दिवस कोण विचारून काढणार? आजी काही तारीख सांगत नाही, ती सांगते आमच्या कोपऱ्याची लावणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. 'काकी, ताप खंयच्या दिवशी इलो?' असं विचारून, चहा घेऊन, शांतपणे बसलं की नीट माहिती मिळते, आणि इथे मालवणी येणारं पोरगं मला कुठल्याही बाहेरच्या टॉपरपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, मनापासून सांगतो.

सिक्वेन्सिंग (जनुकांचा क्रम वाचणं), बायोइन्फॉरमॅटिक्स (तो डेटा कॉम्प्युटरवर तपासणं) सगळं शिकाच, आर किंवा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषा आत्तापासून चालू करा. पण पावसात लाईट गेलेली असताना सॅम्पल थंड कसं ठेवायचं, तीन पदरी पॅकिंग कसं करायचं, घाट चढून पुण्याला वेळेत कसं पोचवायचं हेही शिका, कारण सॅम्पल वाटेत खराब झालं तर मशीन कितीही भारी असलं तरी काय करणार.

आणि एक, रिपोर्ट आला की गावात परत जा. ज्यांनी रक्त दिलं त्यांना काय निघालं ते सांगायचं, आरोग्यसेविका आणि आशाताईंना सोबत घेऊनच. पुढच्या वर्षी तेच लोक मेलेलं माकड दिसलं की स्वतःहून फोन करतात, हात न लावता.