हृदयाचा बचाव करणारा व्यायाम कसा करावा

नियमित व्यायामाने वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर आटोक्यात राहते, हे आता घरोघरी माहीत आहे. मात्र व्यायामाची सवय असलेला हृदयस्नायू प्रत्यक्ष आघातही अधिक चांगला सोसतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि व्यायाम कसा करावा याचे उत्तर नेमके तिथेच दडलेले आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद झाली की तिच्या पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास तेथील पेशी कायमच्या मरू लागतात. औषधाने किंवा अँजिओप्लास्टीने रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते, परंतु रक्त परत येताच पेशींमध्ये कॅल्शियमचा भार वाढतो, प्राणवायूपासून विघातक रेणू तयार होतात आणि थोडी इजा त्या क्षणीही होते. ट्रेडमिलवर काही दिवस धावलेल्या उंदरांच्या हृदयात ही दोन्ही प्रकारची इजा कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. व्यायामामुळे पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये अशा विघातक रेणूंना निष्प्रभ करणारी विकरे वाढतात, हे त्यामागचे एक कारण आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात व्यायाम थांबवल्यानंतर ९ दिवसांपर्यंत हे संरक्षण टिकून होते, १८ दिवसांनी मात्र ते नाहीसे झाले होते. हे आकडे उंदरांचे आहेत आणि ते माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही हे कवच लवकर मिळते आणि लवकर जाते, एवढे त्यांतून ध्यानात ठेवावे. म्हणूनच रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

माणसांमधील पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांचा जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळला. पुढे त्याच संशोधकांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे दिसले, त्यामुळे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. आपल्या सवयींशी अधिक जवळचा वाटतो तो १९९३ मधील अमेरिकेतला अभ्यास. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांनी अचानक जड श्रम केले, तर त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे शंभरपटीने वाढत होती, आणि आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हीच वाढ अडीचपटीच्याही आत राहत होती. मुळात एका तासातली ही शक्यता फार अल्प असते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि वर्षभर खुर्चीत बसून एखाद्या दिवशी गड चढायला निघणाऱ्याने हा फरक मनावर घ्यावा.

सुरुवात करण्यापूर्वी आपण कोणत्या गटात आहोत ते पाहावे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर प्रदेशांतील लोकांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, त्यामुळे ‘माझे अजून वय झालेले नाही’ हा दिलासा आपण स्वतःला देऊ नये. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, घरात कमी वयात कोणाला झालेला हृदयविकार किंवा चालताना छातीत जडपणा येणे, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. सध्याची औषधे त्यांना अवश्य सांगावीत, कारण बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे नाडी मुळातच संथ राहते आणि व्यायामात नाडी जास्तीत जास्त किती चढेल याचा अंदाज देणारी ‘२२० वजा वय’ यासारखी सूत्रे अशा व्यक्तीला उपयोगी पडत नाहीत.

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहून ठेवावी. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच टेकवावीत, अंगठा वापरू नये, आणि घड्याळाकडे पाहत ३० सेकंद ठोके मोजून त्यांची दुप्पट करावी. काही आठवड्यांच्या नियमित व्यायामानंतर हा आकडा बहुधा हळूहळू उतरू लागतो. हृदयस्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळत असते, म्हणून नाडी संथ झाली की हा विसावा लांबतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पहिल्या दिवशीच तिथे पोहोचण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात दिवसाला १० मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. चालण्याचा वेग ओळखण्याची सोपी खूण अशी की सोबत्याशी सलग बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. दोन शब्दांनंतरच धाप लागत असेल, तर वेग कमी करावा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे नेहमी संथ ठेवावीत. जोराच्या श्रमानंतर एकदम थांबले की पायांत साठलेले रक्त लगेच परत येत नाही, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येऊ शकते. वजने उचलताना श्वास रोखून धरल्यास रक्तदाब झपाट्याने चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडत राहावा.

माझ्या वडिलांना अँजिओप्लास्टीनंतर चालायला सांगितले, तेव्हा जुलै महिना होता आणि रस्ते शेवाळाने निसरडे झाले होते. त्यांनी इमारतीच्या व्हरांड्याची लांबी पावलांनी मोजली, ती ४२ पावले भरली. मग सदऱ्याच्या डाव्या खिशात दहा चिंचोके ठेवून ते निघत आणि प्रत्येक फेरीअंती एक चिंचोका उजव्या खिशात टाकत. पहिल्या दिवशी चार चिंचोके हलले. पावसाळा संपता संपता दहाही चिंचोके दोनदा इकडून तिकडे जाऊ लागले होते. पावसाच्या सबबीवर इतका सरळ तोडगा मला अजून दुसरा सापडलेला नाही.

ताप, अंगदुखी किंवा जोराचा खोकला असताना व्यायाम टाळावा, कारण काही विषाणूंमुळे हृदयस्नायूलाच सूज येते आणि त्या अवस्थेत श्रम केल्यास धोका वाढतो. चालताना छातीवर दाब आला, जबडा, डावा हात किंवा पाठ दुखू लागली, थंड घाम सुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तत्काळ थांबून बसावे. पित्त झाले असेल म्हणून सोडा पिऊन घरी वाट पाहू नये. आराम करूनही काही मिनिटांत त्रास थांबला नाही, तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर फोन करावा, आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये.

लग्नकार्य, प्रवास किंवा आजारपण यांमुळे खंड पडणारच. खंड चार-पाच दिवसांचा असेल, तर होता तोच क्रम पुढे चालू करावा. दोन-तीन आठवडे उलटले असतील, तर मात्र पूर्वीच्या निम्म्या वेळेने सुरुवात करून आठ-दहा दिवसांत मूळ वेळेवर यावे, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई एकाच दिवशी करायला जाऊ नये.