प्लेअर घ्यायला जाताना खिशात आपलं कार्ड ठेवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या काकांकडे कॅसेटींचे तीन खोके होते. त्यातलं बरंचसं गाणं त्यांच्या भाचीनं संगणकावर उतरवून दिलं आणि मग प्रश्न आला, ऐकायचं कशावर? फोन नको, हे काकांनी आधीच सांगून टाकलं. संथ लयीतला विलंबित ख्याल रंगात आलेला असताना बँकेचा मेसेज टुणकन वाजतो, ते त्यांना खपत नाही. मी हौसेनं एक चकचकीत टचस्क्रीनचा प्लेअर आणला. महिनाभरात तो कपाटात गेला. दुसऱ्यांदा घेताना ज्या क्रमानं गेलो, तो क्रम इथे देतोय.

१. आधी आपलं गाणं मोजा

सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं संगीत तासाला साधारण ६३५ एमबी जागा खातं. तेच फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवलं तर आवाजातलं काहीही न गमावता बहुधा निम्म्याच्या आसपास येतं, आणि ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मध्ये १४४ एमबीवर. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर एमपी३ चं चारशे तासांहून जास्त गाणं मावतं. रोज दोन तास ऐकलं तरी सहा महिने पुरेल. तेव्हा मोठ्या मेमरीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. कार्डाची खाच असलेला प्लेअर घ्या, म्हणजे झालं.

कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यासाठी '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' या सीडीहूनही बारीक नोंदीच्या आकड्यांना भुलू नका. टेपची सरसर आणखी बारकाईनं ऐकून काय करायचंय?

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवा. तुम्ही पैसे भरून एखाद्या अ‍ॅपवर गाणी ऐकत असाल, तर त्यात 'डाउनलोड' केलेलं गाणं साध्या प्लेअरवर कॉपी होत नाही. ते अ‍ॅपच्याच कुलपात असतं. मग तुम्हाला अँड्रॉइडवर चालणारा आणि वायफाय असलेला प्लेअर लागेल.

२. परीक्षेचं कार्ड तयार करा

मी पहिल्यांदा हे केलं नाही, तिथेच फसलो. दुकानात जे गाणं लावतात ते तीन मिनिटांचं, ढणढणतं असतं. त्यावर सगळेच प्लेअर पास होतात. म्हणून एका मायक्रोएसडी कार्डावर आपल्या पाच फायली घेऊन जा.

पहिली, तासाभराचा एखादा राग. मध्यावर थांबवा, प्लेअर बंद करा, पुन्हा चालू करा. जिथे सोडलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. आमचा पहिला प्लेअर दरवेळी तंबोऱ्यापासून सुरू करायचा, आणि काका रोज दुपारी तोच आलाप ऐकत झोपी जायचे.

दुसरी आणि तिसरी, एकाच मैफलीचे सलग दोन तुकडे: विलंबित आणि त्याला जोडून जलद लयीतलं द्रुत. सीडीवर दोन ट्रॅकच्या मधूनही तंबोरा अखंड वाजत असतो. पण एमपी३ बनवताना फाइलच्या पुढे-मागे बारीकशी शांतता जोडली जाते, आणि साधा प्लेअर ती तशीच वाजवतो. अर्ध्या क्षणाचा खड्डा, पण सम चुकल्यासारखं वाटतं. प्लेअरच्या माहितीत 'गॅपलेस' (मध्ये खंड न पाडणारा) लिहिलेलं असलं तरी कानानं खात्री करा. सिनेमाची सुटी गाणी ऐकणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं. ख्याल ऐकणाऱ्याला पुष्कळ असतं, त्यातून तो ग्वाल्हेरचा!

चौथी, नुसत्या तंबोऱ्याचा हळू आवाजातला तुकडा, फ्लॅकमध्ये. इअरफोन लावून ऐका. मागे 'स्स्स' ऐकू आलं तर तो प्लेअर परत द्या.

पाचवी, देवनागरीत नाव दिलेली फाइल. पुष्कळ स्वस्त प्लेअर तिथे नुसते चौकोन दाखवतात. अशा वेळी नावं रोमनमध्ये लिहावी लागतात, आणि पुढे ०१, ०२ असे आकडे घालूनही काही यंत्रं कॉपी केल्याच्या क्रमानंच वाजवतात.

३. कोणाच्या हातात जाणार?

सत्तरीच्या माणसाला खिशात हात घालून, न बघता दाबता येतील अशी खरीखुरी बटणं लागतात. पुढे, मागे, थांब, आवाज. बास. इअरफोन मुळातच नको असतील तर कारवाँसारखा, आधीच गाणी भरलेला स्पीकर बरा.

तरुण असाल तर आधी घरातला ड्रॉवर उघडा. इअरफोनचा ३.५ मिमीचा जॅक आणि कार्डाची खाच असलेला जुना फोन पडला असेल, तर सिम काढा आणि एअरप्लेन मोडवर टाका. प्लेअर फुकटात तयार.

४. कान आणि तार

१६ ते ३२ ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) इअरफोन कुठलाही प्लेअर वाजवतो. मोठे ३०० ओमचे हेडफोन असतील तर ते दुकानात घेऊनच जा, कारण छोट्या प्लेअरवर त्यांचा आवाज दबतो. ब्लूटूथनंच ऐकणार असाल तर भारी प्लेअरचे पैसे बहुतांशी वाया जातात. सीडीचा प्रवाह १४११ केबीपीएसचा असतो, आणि एलडॅकसारखा चांगला कोडेकही (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं कुलूप लावायची सोय असेल तर पहिल्या दिवशीच लावून टाका.

५. बॅटरी

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. माझी कसोटी झेलम एक्सप्रेस. ग्वाल्हेरहून पुण्याला जवळजवळ एक दिवस लागतो, भोपाळ-इटारसीमधल्या बुदनीच्या घाटात रेंज जाते, आणि तिथे कार्डातलंच गाणं साथ देतं. दिवसभर अधूनमधून ऐकून पुण्यात उतरताना थोडी बॅटरी उरली तर प्लेअर ठीक. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात लिथियमची बॅटरी फुगू शकते.

कार्ड मात्र भरवशाच्या दुकानातूनच घ्या. बनावट कार्ड १२८ जीबी सांगतं आणि आठ जीबीनंतर जुन्यावरच लिहू लागतं. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, सगळ्यात शेवटची फाइल वाजवून बघा. मूळ फायली संगणकावर राहू द्या.

काकांकडे आता चार बटणांचा, काळा, अगदी सामान्य दिसणारा प्लेअर आहे. नावं रोमनमध्येच आहेत. ती वाचायला त्यांना चष्मा लागतो, म्हणून ते वाचतच नाहीत. पहिल्या सुरावरून ओळखतात.