लीगल होल्डची मेल गेली म्हणजे डेटा वाचला असं समजू नका

पुण्यात बसून अमेरिकेतल्या केसेसचा डेटा सांभाळायचं काम करते मी, आणि नवीन जॉइन झालेली मुलं हमखास विचारतात की रिलेटिव्हिटीचं (केसमधली कागदपत्रं तपासायचं सॉफ्टवेअर) सर्टिफिकेशन करू का. करा, पण घाई नाही. टूल काय, हाताखालून गेलं की येतंच. कस्टोडियन (ज्याचा डेटा जपायचा तो माणूस), हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड), चेन ऑफ कस्टडी (डेटा कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद) वगैरे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं, ते परत सांगत नाही. रिव्ह्यूपर्यंत, म्हणजे वकील कागदपत्रं तपासतात तिथवर, पोचायच्या आधीच डेटा कसा नाहीसा होतो हे मात्र मला कोणी बसवून शिकवलं नाही, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त रडवलं ते त्यानेच.

होतं काय, की वकील लीगल होल्डची, म्हणजे केसशी संबंधित काहीही पुसू नका अशी, नोटीस काढतात, लोक 'वाचलं' म्हणून क्लिक करतात, ट्रॅकर सगळा हिरवा, आणि सगळे निर्धास्त. अहो पण ती नोटीस माणसांना गेलीय, पुसायचं काम तर सिस्टीम करते आणि तिला कुणी काही सांगितलेलंच नाही! आमच्या एका क्लायंटकडे सेल्सचा एक माणूस होल्डवर असतानाच नोकरी सोडून गेला. एचआरने एक्झिटची चेकलिस्ट चालवली, आयटीने लायसन्स काढलं, लॅपटॉप फॉरमॅट करून पुढच्याला दिला. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये लायसन्स काढलं की मेलबॉक्स ३० दिवस राहतो आणि मग जातो. सिस्टीमवर खरोखरचा होल्ड असता तर अकाउंट डिलीट झाल्यावरसुद्धा तो इनॲक्टिव्ह मेलबॉक्स म्हणून शिल्लक राहिला असता, पण तिथे नुसती नोटीस होती. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा मुदत उलटून गेलेली. मग त्याच्याशी ज्यांचा मेलव्यवहार होता त्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समधून त्याच्या मेल वेचत बसलो आणि रोज रात्री न्यूयॉर्कच्या कॉलवर तेच उत्तर द्यायचं, अजून सगळं मिळालेलं नाही. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि मेलबॉक्सवर होल्ड लावला म्हणजे सुटलात असंही नाही. टीम्सवरचं वन-टू-वन चॅट मेलबॉक्सच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जातं, पण त्याच चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये असते. मेलबॉक्स धरला आणि वनड्राइव्ह सोडला तर रिव्ह्यूमध्ये 'हे बघ, फायनल रेट्स' असा मेसेज दिसतो आणि रेट्सची एक्सेल गायब. म्हणून होल्ड लागला की त्याच दिवशी आयटीकडून लेखी मागा, की कुठल्या अकाउंटवर होल्ड लावला, ऑटो-डिलीट कुठे कुठे बंद केलं, आणि एचआरच्या एक्झिट चेकलिस्टमध्ये 'हा माणूस होल्डवर आहे का' हा प्रश्न घातला की नाही. तोंडी 'हो हो झालंय' अजिबात चालवून घेऊ नका.

कोर्टं हे फार पूर्वीपासून सांगतायत. झुबुलेक विरुद्ध यूबीएस मध्ये जज शिरा शाइंडलिन यांनी २००४ लाच स्पष्ट केलं होतं की नोटीस काढून वकिलाची जबाबदारी संपत नाही, ती पाळली जातेय का हेही त्यानेच बघायचं. तरी २०२३ मध्ये एपिक विरुद्ध गूगल मध्ये जज डोनॅटो यांना गूगलवर ताशेरे ओढावे लागले, कारण हिस्टरी बंद असलेले चॅट २४ तासांत पुसले जायचे आणि जपायचे की नाही हे एकेका कर्मचाऱ्यावर सोडलं होतं.

आता घाबरू नका. हरवलेल्या इलेक्ट्रॉनिक डेटाबद्दलच्या अमेरिकेच्या फेडरल रूल ३७(ई) मध्ये २०१५ साली बदल झाला, त्याप्रमाणे प्रश्न हा असतो की तुम्ही रीझनेबल पावलं उचलली होती का, आणि हरवलेलं दुसरीकडून मिळतं का. केसवर पाणी सोडावं लागण्याइतकी कडक शिक्षा मुद्दाम नष्ट केल्याचं दिसलं तरच. निष्ठेने काम करणाऱ्या टीमला कायदा सांभाळून घेतो, फक्त केलेल्या कामाचा कागद पाहिजे.

मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे. सीनियर वकिलाच्या मागे फिरण्यापेक्षा क्लायंटच्या एक्सचेंज ॲडमिनशी, म्हणजे त्यांची मेल सिस्टीम सांभाळणाऱ्याशी, दोस्ती करा. कुठला डेटा कधी मरतो हे त्याला पाठ असतं.

आणि शॉर्टकट म्हणाल तर एकच सांगते, 'पेन ड्राइव्हवर कॉपी करून देतो' म्हणणाऱ्या कस्टोडियनला प्रेमाने थांबवा. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं की क्रिएटेड डेट आजची होते, मॉडिफाइड जुनीच राहते, म्हणजे फाइल जन्मायच्या आधीच बदलली असं दिसतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच उकरतो.

इकडच्या केसेस करणार असाल तर अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणाचा २०२० चा निकाल वाचाच. जालन्याची २०१४ ची निवडणूक, उमेदवारी अर्ज वेळेत भरले का यावर वाद आणि पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र हजर करत नसाल तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं सर्टिफिकेट लागणारच. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं आणि फॉर्ममध्ये हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ती कलेक्शनच्या वेळीच काढून लॉगमध्ये टाकून ठेवा, महिन्यांनंतर वकील सर्टिफिकेट मागतील तेव्हा आयटीचा तो माणूस त्या कंपनीत असेलच असं नाही.