जुनं रिव्हॉल्वर खाली मारतंय? आधी कानस खाली ठेवा

पावसाळा संपला की नेमबाजीच्या रेंजवर कपाटातली रिव्हॉल्वरं बाहेर येतात. कुणाचं आजोबांच्या वेळचं वेब्ले अँड स्कॉट, कुणाचं कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, म्हणजे वेब्लेच्याच धर्तीवर बेतलेलं. बत्तीस बोर, सहा घरं, बोटभर नळी. आणि पहिल्या बारा गोळ्या झाल्या की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सर, याची माशीच चुकीची आहे." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा.

असते चुकीची, नाही असं नाही. मी आजवर अशी दोन पाहिली. बाकीच्यांची मनगटं चुकीची होती.

काही वर्षांपूर्वी एक तरुण यायचा. वडिलांच्या माघारी रिव्हॉल्वर त्याच्या परवान्यावर चढलेलं. दहा मीटरवर त्याच्या गोळ्या मध्यापासून वीतभर खाली आणि डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या तिथे गेल्या की निदानाला फार अक्कल लागत नाही: आवाज होणार म्हणून हात आधीच दचकतो, मनगट खाली जातं, चाप दाबला न जाता खेचला जातो. मी म्हटलं, महिनाभर कोरडा सराव कर, म्हणजे गोळी न भरता नुसता नेम धरून चाप दाबायचा. त्याला महिना नको होता, रविवार हवा होता. कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं की गोळी खाली लागत असेल तर पुढची माशी घासायची. गणित बरोबरच आहे. माशी बुटकी झाली की तिला मागच्या खाचेच्या पातळीत आणायला नळीचं तोंड वर उचलावं लागतं, आणि गोळी वर जाते. पठ्ठ्याने घरी कानस घेतली. दर आठवड्याला थोडी घासायची, रेंजवर येऊन पाहायचं. महिन्याभरात गोळ्या मध्याच्या उंचीवर! पेढे वाटायचेच बाकी होते.

पुढे त्याला खरंच गोडी लागली. सगळा पावसाळा घरी कोरडा सराव केला, दचकणं गेलं. ऑक्टोबरात आला, झकास चाप दाबला, आणि टार्गेटवर एकही भोक नाही. सगळ्या गोळ्या वरून मागच्या मातीत. हात सुधारला तेव्हा हत्यार बिघडलेलं होतं. शेवटी परवानाधारक गनस्मिथने माशीवर धातू चढवून ती पुन्हा उंच केली. पैसे गेले ते गेले, तीन महिने हत्यार तिकडे पडून. महिनाभराचा कोरडा सराव नको म्हणून हे सगळं.

म्हणून आमच्याकडे कानशीचं नाव काढण्याआधी एक परीक्षा असते. शेजारच्याला सांगायचं, सहा घरांत तीन जिवंत काडतुसं आणि तीन रिकाम्या पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची टरफलं) भर, कुठे काय ते मला सांगू नकोस. मग नेम धरून एकेक मारायचं. पुंगळीवर घोडा पडला आणि नुसतं 'टक्' झालं की माशीकडे बघा. ती जागची हलली नाही, तर तुमचा दावा ऐकून घेऊ. नळीने खाली मान घातली, तर दोष कुणाचा ते सगळ्यांना दिसतं. ही सोय पिस्तुलात इतकी सोपी नाही, तिथे दर 'टक्'नंतर हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढावी लागते. मी स्वतः अजून महिन्यातून एकदा हे करतो, आणि एखादी डुबकी माझीही निघतेच. त्यानंतरही शंका उरली तर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला सहा गोळ्या मारायला द्या.

दुसरी चूक अंगावर येणारी आहे. जुनं काडतूस कधी 'धाड' न करता 'फुस्स' करतं. आत दारू दमट झालेली असते किंवा बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या नुसत्या जोरावर गोळी निघते आणि नळीतच अडकते. आमच्या इथे एक निवृत्त काका कपाटात कित्येक वर्षं पडलेली पेटी घेऊन आले. तिसऱ्या गोळीला फुस्स. टार्गेटवर भोक नाही, हाताला धक्का नाही, आणि काकांचं बोट पुढच्या गोळीसाठी चापावर. मी ओरडलो, "काका, थांबा! बोट काढा!" ते माझ्यावर चिडले. उघडून, रिकामं करून नळीतून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. चौथी गोळी सुटली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटलीही असती. आवाज हलका आला की हात थांबलाच पाहिजे, मग रेंज ऑफिसर काय म्हणायचं ते म्हणो.

आणि काहीच झालं नाही, नुसतं 'टक्'? नळी टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद गप्प उभं राहा. लगेच दुसऱ्यांदा चाप ओढणारे पुष्कळ. रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरतं, ते उशिरा पेटणारं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं, आणि तिथे उडालं तर गोळीला जायला नळीच नसते.

काडतुसांवरून आठवलं. बत्तीस म्हणजे सगळी बत्तीस एक नव्हेत. रिव्हॉल्वरला लागतं ते बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं, त्याच्या बुडाची कड बारीक असते आणि दाब जास्त. वैताग असा की ते रिव्हॉल्वरच्या घरात बऱ्याचदा बसतं, आणि 'बसलं म्हणजे चालतं' असं मानणारे महाभाग असतात. खोका वाचा. बुडावर 'के.एफ.' दिसलं की ती किर्की फॅक्टरी, म्हणजे आपलं खडकी, पण तेवढ्यावर विसंबू नका, नाव पूर्ण वाचा.

वेब्ले धर्तीचं हत्यार बिजागरीवर नळी खाली वाकवून उघडतात, ते एका दमात पूर्ण उघडा. अर्ध्यावर थांबलात की पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली घसरते आणि मग नखाने खरवडत बसा. पण सिनेमातल्यासारखा झटकाही नको, बिजागरी आणि कडी त्यानेच ढिल्या होतात. सिलिंडर जड फिरायला लागलं की आधी त्या चांदणीखाली पाहा, न जळालेल्या दारूचे दोन कण पुरतात. मी जुना टूथब्रश खिशात ठेवतो.

पुढचा हात सिलिंडरच्या पुढे नेऊ नका, नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण उडतात. खोबरेल तेल लावू नका, थंडीत ते गोठतं. चामडी होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, कोकणातल्या हवेत तर एका पावसाळ्यात गंज धरतो. बत्तीसचा आवाज तो काय, म्हणून कान उघडे ठेवू नका, तोही १४० डेसिबलच्या वर जातो.

घाईबद्दल एकच सांगतो. सेंटर फायर या पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या स्पर्धेत प्रिसिजन, म्हणजे अचूकतेच्या, टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात, आणि मुरलेले नेमबाज ती वापरतात. आमचे नवे मेंबर सहा गोळ्या वीस सेकंदांत उडवतात आणि मग वडापाव खायला जातात, तेही शिशाचे हात न धुता. बेसिन रेंजच्या दारातच आहे.